पत्र वाचणारे धाकूमामा

धाकूमामांनी "जेवलंस?" असं विचारलं की आमच्या चाळीत ऐकणाऱ्याच्या पायांतलं बळ जायचं. बाकी जगात हा प्रश्न मायेचा. शेजाऱ्याला विचारावा, पाहुण्याला विचारावा, आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या विषयाला लागावं. पण धाकूमामांच्या हातात पोस्टकार्ड असलं, ते त्यांनी वरपासून खालपर्यंत मनातल्या मनात वाचलेलं असलं आणि मग चष्म्यावरून बघत ते "जेवलंस?" म्हणाले, म्हणजे समजायचं, गावाकडे काहीतरी वाईट घडलंय.

धाकू सीताराम परब. मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी त्यांची खोली. माझ्या आईच्या गावचे म्हणून माझे मामा, आणि मग माझ्यामुळे अख्ख्या मजल्याचे मामा. त्यांना आणि मामींना मूलबाळ नव्हतं. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर कसलंही असो, मामा ते लावायचे. तलाठ्याचंसुद्धा. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या गिरणी कामगारांना सही सोडली तर अक्षरओळख नव्हती. पोस्टमन सगळ्यांची पत्रं मामांच्या हातात ठेवायचा आणि उरलेल्या खोल्यांचा फेरा वाचला म्हणून खूश होऊन खाली उतरायचा.

पहिल्या पाळीवरून आले की मामा आंघोळ करून, लेंगा-बनियनवर गॅलरीत स्टूल टाकून बसत. पत्र वाचायचे त्यांचे दोन नियम होते. पहिला, शेवटची ओळ वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. ते म्हणत, "गावची पत्रां मोठी लबाड. वर लिवतले इकडील सर्व क्षेम, आणि म्हस मेली ती खालच्या ओळीत." दुसरा नियम जेवणाचा. वाईट बातमी उपाशी माणसाला वाचून दाखवायची नाही. "रिकाम्या पोटार वाईट ऐकलां की तां थंयच बसता. पोटात चार शितां असली की जरा खाली उतारता." चांगली बातमी असली तर मामा काही विचारत नसत. सरळ उभे राहून अशा आवाजात वाचायला लागत की खालच्या मजल्यालाही बारशाचं आमंत्रण मिळे. त्यामुळे न विचारता मामांनी वाचायला सुरुवात केली, की समोरचा माणूस पहिल्या शब्दाआधीच हसायला लागायचा.

मी अकरावीत असताना एकदा शहाणपणा केला. मामा दुसऱ्या पाळीला गेले होते आणि शेजारचे केशव गावडे कामावरून डबा हातात घेऊन येत होते, त्यांचं कार्ड आलेलं. मी म्हटलं, मी वाचतो की. सर्व क्षेम, पाऊसपाणी बरं, असं खणखणीत आवाजात वाचत गेलो आणि शेवटी "आई अंथरुणाला खिळली असून माणसे ओळखत नाही" या ओळीवर येऊन आपटलो. गावडे डबा हातात धरून तसेच भिंतीला टेकून खाली बसले. मामांना हे कळलं, पण ते मला ओरडले नाहीत. दोन-तीन दिवसांनी जिन्यात गाठून एवढंच म्हणाले, "वाचूक येता म्हणजे वाचून दाखवूक येता असां नाय, झिला." मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. झिला, म्हणजे मुला.

मग संप आला. भोंगे थांबले. आधी सगळ्यांना वाटलं, महिन्याभरात मिटेल. मग गणपतीपर्यंत मिटेल. मग कोणी तारीख सांगेनासं झालं. बायकामुलं गावाला पाठवून पुरुष मागे राहिले, नंतर पुरुषही जायला लागले. अशात एका दुपारी पोस्टमन एकसारख्या खाकी पाकिटांचा गठ्ठा घेऊन आला. सगळी रजिस्टर, सगळी गिरणीकडून. गॅलरीत आठ-नऊ जण जमले. मामांनी आधी स्वतःचं पाकीट फोडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

"जेवलात रे?"

कोपऱ्यातल्या खोलीतली शेवंता म्हणाली, "मामा, तसांच वाचा. आज चूल पेटल्ली नाय."

धाकूमामांचा चेहरा इतका उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांचा नियम असा उघडा पडेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते पाकिटं घेऊन आत गेले. मामींनी डब्यातले होते नव्हते ते तांदूळ शिजायला घातले. तासाभरानं मिठाची पेज एकेका वाटीत घालून सगळ्यांना दिली. शेवटची वाटी रिकामी होईपर्यंत मामांनी पाकिटं मांडीवर धरून ठेवली होती. मग वाचून दाखवलं की अमुक दिवसापर्यंत कामावर हजर न झाल्यास नाव पटावरून काढण्यात येईल. वाचताना आवाज हलला नाही. कोणी हजर झालं नाही, गिरणीही परत उघडली नाही. पेज पिऊन लोक बेकार झाले, असं केशव गावडे पुढे कितीतरी वर्षं सांगायचे आणि सांगताना हसायचेही.

मामा शिवडीला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. चाळीतली पत्रं कमी झाली, कारण ज्यांना पत्रं यायची ती माणसंच गावाला गेली होती. मी तेव्हा बी.एस्सी. करावं की कुठेतरी चिकटावं या घोळात होतो. रक्त तपासायचा कोर्स कर, असं मामांनीच डोक्यात भरवलं. "साचो बंद पडतलो, रगात बंद पडूचां नाय," हा त्यांचा हिशेब. मी कोर्स केला आणि परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चिकटलो. मामा ओळखीपाळखीत सांगत, आपलो झील लोकांच्या रक्तातलां वाचता. मी म्हणायचो, मामा, वाचतं यंत्र, मी फक्त आकडा लिहितो. त्यांना ते पटत नसे. हे बोलणं त्या वेळी मी नम्रतेनं करत होतो, पुढे तेच माझ्या अंगावर आलं.

संपाला दहा-बारा वर्षं झाली असतील. मामांना तळलेल्या बांगड्याचा वास नकोसा झाला, ही पहिली खूण. मालवणी माणसाला माशाचा वास सोसेना म्हणजे काय समजायचं? आम्ही थट्टा केली, माळ घातली काय मामा? मग पाठ दुखायला लागली. लेंग्याची नाडी आवळून आवळून पुरेना. अंगाला खाज, डोळे पिवळे. चाळीनं एकमतानं कावीळ ठरवली. लालबागला एक जण कावीळ उतरवत असे. तो हातावर चुन्याचं पाणी चोळायचा आणि पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणायचा. तिथे तीन फेऱ्या झाल्या. रोज शंभर माणसांचं रक्त हाताळणारा मीही उसाचा रस घेऊन जात होतो. ते पंधरा दिवस मला अजून टोचतात.

शेवटी इस्पितळात आणलं. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती. तिनं पित्ताची वाट दाबली होती आणि शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्ता ऑपरेशन शक्य नाही. पित्ताला वाट करून द्यायला आत नळी घालू, इंजेक्शनं सुरू करू. गाठ आकसली तर मग ऑपरेशनचा विचार करता येईल. त्या "तर"वर आम्ही सगळे लोंबकळत राहिलो.

रक्त आमच्याच टेबलावर आलं. नळीवर नाव, धाकू सीताराम परब. वरचा द्रव मोहरीच्या तेलासारखा गडद पिवळा. या रोगात गाठ रक्तामध्ये एक प्रथिन सोडते, त्याला साखरेची शेपटी असते. ते किती आहे यावरून रोगाचा जोर कळतो, आणि उपचारानंतर तो आकडा उतरला की माणसाचं बरं चाललंय असं समजतात. आमच्याकडे सदतीसच्या आत असला तर ठीक. मामांचा नऊशेच्या वर निघाला.

मामांनी वॉर्डात मला हे सगळं विचारून घेतलं. मी शेपटीसकट समजावलं. त्यांना ते पटकन समजलं.

"म्हणजे पोटातसून इलेलां पत्र," ते म्हणाले.

"तसंच म्हणा."

"मग तां तूच माका वाचून दाखवूचां. परक्याच्या तोंडातसून नको. आणि शेवटपर्यंत वाच हां. अर्धां नको."

मी हो म्हटलं. त्यात काय मोठंसं, असंच वाटलं.

नळी बसली, इंजेक्शनं सुरू झाली, मामा घरी आले. खाज गेली, डोळे निवळले. महिन्याभरानं परत रक्त घेतलं. आमच्या तपासणीत ताटलीतल्या खळग्यांना पिवळा रंग चढतो, जितका गडद तितका आकडा मोठा. मामांचा खळगा फिक्कट निघाला. नऊशेचे एकशे दहा झाले होते. सोबतच्या मुलीला टेबल बघायला सांगून मी जेवणाच्या सुट्टीत परळहून काळाचौकीपर्यंत जवळजवळ धावत गेलो आणि जिन्यातूनच ओरडलो, "मामा, उतरला! नऊशेचा एकशे दहा!"

मी काही विचारलं नाही. जेवलात का, आंघोळ झाली का, काही नाही. गॅलरीत दारं उघडली. मामींनी जो येईल त्याच्या हातावर साखर ठेवली. मामा खाटेवर उठून बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटपर्यंत वाचलंस मा?"

"वाचलं," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

मामांनी गावच्या भावाला स्वतः कार्ड लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाचलेल्या माणसाचं अक्षर मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो, मोठं आणि उजवीकडे कललेलं. इकडील सर्व क्षेम, ऑपरेशन होऊन बरा होईन, चतुर्थीला घरी येतो, गणपतीच्या डोक्यावरची माटवी या वर्षी मी बांधणार. कार्ड मीच पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी तोच कागद मी आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरबाईंना दाखवला, कौतुक करून घ्यायलाच म्हणा. त्यांनी कागद बघितला आणि आकड्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. कावीळ मोजायची ओळ. "आधी किती होती?"

"बारा."

"आणि आता?"

"दोन."

"पित्त तुंबलं की हा वरचा आकडा उगाच फुगतो. नळी बसली, वाट मोकळी झाली, की तो आपोआप उतरतो. हा जो उतार दिसतोय तो काविळीचा असणार, गाठीचा नाही. जे एकशे दहा उरलेत ते गाठीचे. आता पुढच्या महिन्यात ते कुठे जातात ते बघायचं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "तुमचे कोण आहेत हे?"

खालची ओळ. ती मीच लिहिली होती, माझ्याच अक्षरात. कित्येक वर्षं मी त्या दोन ओळी एकाखाली एक भरत आलो होतो, पण एकीचा दुसरीशी काही संबंध असेल, असं मनातही आलं नव्हतं. अकरावीतला शहाणा अजून तसाच होता.

मी लगेच जाऊन मामांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. महिनाभर रोज संध्याकाळी गेलो, माटवीला आंब्याचे टाळे किती लागतील, नारळ कोणाच्या वाडीतले आणायचे, हे ऐकत बसलो, आणि उठून घरी आलो. डॉक्टरबाई चुकत असतील, अशी आशा लावून होतो. दुसरं नाव द्यायचं झालं तर तो भेकडपणा होता. मामा जेवणाला बसत आणि दोन चमच्यांवर पेज पुढे जात नसे, हे दिसत होतं. तरी मी माटवीबद्दल बोलत राहिलो.

तिसऱ्या खेपेला आकडा चोवीसशेच्या वर गेला. मी तपासणी परत लावली. मग नमुना पातळ करून आणखी एकदा लावली. यंत्रात दोष निघावा म्हणून मी देवाला विनवत होतो. यंत्र बरोबर होतं. कावीळ दोनच होती, म्हणजे या वेळी खालच्या ओळीवर ढकलायलाही काही नव्हतं. फोटोत यकृतावर डाग आलेले होते. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं थांबवू. घरी राहू देत, वेदना कमी राहतील एवढं बघू.

कागद खिशात घालून मी दुपारी निघालो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. "मामा, आकडा थोडा वाढलाय." "मामा, डॉक्टर म्हणतात जरा विश्रांती घ्या." एकही वाक्य धड शेवटपर्यंत जाईना. तिसरा मजला आला. दार उघडंच होतं. मामी मोरीत भांडी घासत होत्या. मामा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते. जुळवलेलं सगळं विसरलो, आणि आजाऱ्याच्या घरात शिरल्यावर कुणाच्याही तोंडून निघतं तेच माझ्या तोंडून निघालं.

"मामा, जेवलात?"

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. मी काय बोललो ते मला तेव्हा कळलं. शब्द गिळता आले असते तर गिळले असते. मामा सावकाश या कुशीवर वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. रागावले नाहीत.

"नाय जेवलंय," ते म्हणाले. "गो, पान वाढ."

आठ दिवसांत त्या माणसाच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं. मामींनी भात वाढला, वर डाळ, बाजूला सुक्या बांगड्याचा तुकडा. मामा भिंतीला टेकून बसले आणि जेवायला लागले. घास घ्यायचा, तो बराच वेळ चावायचा, डोळे मिटून खाली ढकलायचा, वर घोटभर पाणी. मी दारात उभा. मामा, पुरे करा, असं म्हणावंसं वाटलं. कोणाला थांबवायचं आणि कशापासून? पानावरचं शेवटचं शीत संपवून त्यांनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि उशाखालचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"हां. आता वाच. शेवटपर्यंत."

मी वाचलं. वरची ओळ वाचली, खालची वाचली, खालच्या ओळीचा अर्थ सांगितला. मागच्या वेळी मी ती ओळ वाचली नव्हती, हेही सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मामा ऐकत होते, जसे इतकी वर्षं गॅलरीत लोक त्यांचं ऐकत.

"दिवस किती म्हणता तो आकडो?"

"दिवस नाही सांगत मामा. कुठल्या बाजूला चाललंय तेवढंच सांगतो."

त्यांनी चष्मा काढून परत उशाखाली ठेवला. मग म्हणाले, "मागच्या खेपेक तू काय विचारलंस नाय. म्हणान मी निर्धास्त होतंय."

मी रडलो. मामांनी मला रडू दिलं आणि मग कार्ड आणायला सांगितलं. भावाला दुसरं पत्र घालायचं होतं, त्यांच्या हातानं आता लिहिणं होत नव्हतं. मी सवयीनं "इकडील" लिहिलं तर म्हणाले, "तां खोड. वर लिही, आधी जेवून घेणे, मग पुढे वाचणे." त्याखाली चतुर्थीला येणे होणार नाही, माटवी तू बांध, एवढंच.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी मामा गेले.

वर्षश्राद्धाला मामींनी मला जेवायला बोलावलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी आग्रहानं वाढलं. मी पान स्वच्छ केलं, हात धुतला, पंचा घेतला. मामी समोर पाटावर बसल्या होत्या.

"जेवलंस मा पोटभर?" त्यांनी विचारलं.

"हो," म्हणालो आणि माझे पाय जागच्या जागी गळले.

"मग आता सांगतंय," मामी म्हणाल्या. "त्या दिवशी तू जिनो उतरलंस नाय तोच सगळां जेवान भायर पडलां. एक शीत रवलां नाय पोटात. माका म्हणाले, झिलाक सांगा नको. त्याका वाटांदे, मामान जेवून ऐकल्यान."